धूर माझा, वाफ पाल्याची

"मावशी, एक लक्षात ठेवा. सुनावणीत तुम्ही फक्त मान हलवायची. हो म्हणायचं असलं तर अशी, नाही म्हणायचं असलं तर अशी. बोलायचं काम माझं."

उद्यान विभागाचा सुपरवायझर दिनेश स्वतःची मान हलवून दाखवत होता आणि नवसाबाई भोये दाताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ते बघत होती.

"आन् खाजवली तर?" शेजारून फुलाबाईने विचारलं.

"काय खाजवली?"

"मान. सायबांनी काय समजायचं? हो का नाय?"

ढिगाभोवतीच्या बाकीच्या चौघी तोंडाला पदर लावून हसल्या. दिनेशही हसला, पण अर्धवटच. शनिवारची त्याला धास्ती होती.

मखमलाबाद रस्त्यावरून आत वळलं की सुयोगनगर लागतं. कॉलनीच्या मागच्या अंगाला, जुन्या पाटाच्या कडेने, महापालिकेची अर्ध्या एकराची मोकळी जागा आहे. आधी तिथे फुटके कमोड, गणपतीची मखरं आणि दुपारच्या वेळी पत्ते खेळणारी माणसं असायची. गेल्या जूनपासून आसपासच्या आठ बागांचा आणि रस्त्याकडेच्या झाडांचा पाला इथेच कुजवायला सुरुवात झाली. सहा बायका त्याचे ढीग रचत, पाणी मारत, पंधरा दिवसांनी उलथत, आणि तीन-साडेतीन महिन्यांनी चाळणीखाली काळंभोर खत पडत असे. हे सगळं 'प्रायोगिक तत्त्वावर', म्हणजे कधीही बंद पडेल असं. आता ते कायम करायचं तर प्रभाग समितीची परवानगी हवी होती. समितीने हरकती मागवल्या आणि एक्केचाळीस हरकती आल्या.

परवानगी मिळाली तर जागेला कुंपण, फांद्या बारीक करायचं मशीन आणि सहा जणींना बारमाही काम. नाही मिळाली तर पाला पुन्हा ट्रकने डेपोवर आणि या सहा जणी एक तारखेपासून घरी.

घरी म्हणजे कुठे, हा नवसाबाईपुढचा प्रश्न होता.

ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पाड्याचं नाव सांगितलं की नाशिकचा माणूस "हे कुठं आलं?" म्हणून विचारतो, त्यामुळे ती नुसतंच "पेठकडची" म्हणते. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं तिने एकच येरझार केली. भाताची सोंगणी झाली की बोचकं बांधायचं, मुकादमाच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि दिंडोरी नाहीतर पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागेत जाऊन राहायचं. छाटणी, विरळणी, मग माल काढणी. मान वर आणि हात वर, चार-पाच महिने. रात्री बागेच्या कडेला प्लास्टिकच्या खोपीत. मृगाच्या आधी पुन्हा पाड्यावर. बावीस वर्षांत तिने निदान तीस गावं पाहिली असतील, पण एकाही गावात तिला कोणी नावाने ओळखलं नाही. "मुकादमाची माणसं आली" म्हणायचे, "मुकादमाची माणसं गेली" म्हणायचे.

मग खांदा गेला. डावा हात कानाच्या वर जाईना. द्राक्षाच्या बागेत असा हात बिनकामाचा. भाची नाशिकला धुणीभांडी करायची, तिने ओळख काढून बागकामाच्या ठेक्यावर चिकटवलं. इथे हात वर करावा लागत नव्हता. सगळं काम जमिनीवर पडलेल्याचं होतं आणि जमिनीवर पडलेल्याची नवसाबाईला लहानपणापासून ओळख होती. पाच महिन्यांत दिनेश तिला विचारून ढीग रचायला लागला. "मावशी, हा गुलमोहर आत्ता टाकू का?" "टाक. पण त्याच्यावर हिरवं गवत टाक, नुसता गुलमोहर रुसून बसतो."

खोली केली होती फुलेनगरला, फुलाबाईच्या शेजारी. कोपऱ्यावरचा दुकानदार तिला "नवसाताई" म्हणायचा. साखर घेताना पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं होतं, आणखी कोण आलंय म्हणून.

तर शनिवार. आणि शनिवारची दिनेशला जेवढी धास्ती होती त्याच्या दुप्पट नवसाबाईला होती, पण कारण वेगळं होतं. ते कारण फुलाबाई आणि पाड्यावरचा नवरा सोडून कोणाला माहीत नव्हतं.

ढीग सुरू व्हायच्या आधीची, मे महिन्यातली गोष्ट. नवसाबाईला कामावर लागून जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हा काम एवढंच की पाला झाडायचा आणि या मोकळ्या जागेत आणून टाकायचा, ट्रक येऊन नेईल. ट्रक अकरा दिवस आला नाही. पाला कमरेएवढा झाला. त्या पाल्याकडे आणि त्याखालच्या तांबड्या मातीकडे बघता बघता नवसाबाईच्या हाताला खाज सुटली. पाड्यावर आता राब भाजत असतील, पाला जाळून रोपं टाकायची जमीन तयार करत असतील. आणि इथे एवढं सोनं नुसतं पडलंय! नागलीचं मूठभर बी तिच्या पिशवीत होतंच. तिने कोपऱ्यात चार हाताचा तुकडा आखला. खाली शेण, त्यावर फांद्यांचे शेंडे, त्यावर पाला, वरून चाळलेली माती. आईने शिकवलं होतं तसं थापटून, अगदी नीट. आणि दुपारी काडी लावली.

पाड्यावर वारा कुठून कुठे जातो हे तिला माहीत होतं. पाटाच्या कडेचा वारा तिच्या ओळखीचा नव्हता. चार हातांचा राब पेटला, मग शेजारचा कमरेएवढा पाला पेटला, आणि पांढरा जाडजूड धूर उठून भिंतीपलीकडच्या बंगल्यात शिरला. तिने मातीच्या पाट्या टाकून आग विझवली, पण अर्धा तास गेला. भिंतीच्या फटीतून तिने पाहिलं, एका बाईला दोघांनी धरून रिक्षात बसवलं. बाईचे ओठ निळे पडले होते. छातीचा भाता चालला होता.

नवसाबाई तिथून निघाली ती थेट खोलीवर. दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन गेले, आरोग्य विभागाचा माणूस येऊन गेला. कागदावर लिहिलं गेलं, 'अज्ञात इसमाने कचरा पेटविला.' दिनेशने विचारलं तेव्हा सगळ्या बायकांनी मान हलवली. नाही म्हणायची असते तशी.

ती बाई म्हणजे सरिता. केरूनाना तिडक्यांची सून. तिला दम्याचा त्रास होता. आणि एक्केचाळीस हरकतींपैकी पहिल्या हरकतीवर सही होती केरूनानांची.

शुक्रवारी दुपारी नवसाबाईने नवऱ्याला फोन लावला. भिका पाड्यावर खाचर आणि बैल सांभाळून होता. टेकडीवर चढला की रेंज यायची, म्हणून बोलणं दुपारीच.

"उद्या हाय ते सायबाचं."

"मंग जा."

"सांगून टाकू का रं?"

टेकडीवरच्या वाऱ्यात भिकाने आवाज चढवला.

"कोणी इचारलंय का तुला?"

"नाय."

"मंग कशाला वाळक्या दुखण्याला तेल लावते? काम जाईल. तुझं जाईल ते जाईल, त्या पाच जणींचं जाईल."

"ते हायच."

"हायच ना? मंग गप राह्य." आणि थोड्या वेळाने, "बैलाचा पाय बरा हाय आता."

शनिवारी अकराला सुयोगनगरचं समाजमंदिर भरून गेलं. पुढे टेबल, टेबलाला निळं कापड. मधोमध प्रभाग सभापती ज्योत्स्ना पगार, माहेर सटाण्याचं. एरवी स्वच्छ शहरी बोलायच्या, पण डोकं तापलं की माहेरची बोली जिभेवर यायची. त्यांच्या एका बाजूला विभागीय अधिकारी आणि इतिवृत्त लिहिणारा लिपिक, दुसऱ्या बाजूला समितीचे तीन सदस्य. सहा बायका मागच्या रांगेत, कामाच्या हिरव्या जॅकेटात.

पहिले उठले केरूनाना. सत्तरीचे, पांढरा पायजमा-नेहरू शर्ट, हातात मोबाइल.

"सभापतीताई, ही कॉलनी जिथं उभी हाये ना, ते माझं वावर होतं. पस्तीस वर्षं द्राक्षं काढली मी इथं. तेव्हा खत म्हंजे काय, हे मला कोणी शिकवायचं काम नाय. खत वावरात पाह्यजे. घराच्या खिडकीखाली नाय! आधी वास, मग माश्या, मग उंदीर, मग उंदरामागं जनावर. आणि आता हे बघा. बघा सगळ्यांनी."

त्यांनी मोबाइल उंच धरला. कोणीतरी तो समोरच्या टीव्हीला जोडून दिला. जानेवारीतली पहाट, पाटावर धुकं, आणि ढिगाच्या माथ्यावरून पांढरे लोट वर चाललेले. मागून नानांचा स्वतःचा आवाज: "बघा बघा, पेटलंय! सकाळचे साडेसहा वाजलेत आणि पेटलंय!"

सभागृहात गलका झाला.

"अरे, हा तर धूर आहे!"

"आग आहे आत!"

"एक एक जण बोला ना भो!" ज्योत्स्नाताईंनी टेबलावर हात आपटला. "काय शे हे? बाजार शे का? दिनेश, तुम्ही सांगा."

दिनेश उठला. रात्रभर पाठ केलेलं त्याने धडाधडा म्हटलं. पाला कुजताना आतून तापतो, साठ अंशांपर्यंत जातो, बाहेर थंडी असली की वाफ दिसते, आग नाही, विस्तव नाही, अहवाल सोबत जोडला आहे. एवढं शुद्ध बोलला की कोणालाच काही पटलं नाही.

तेवढ्यात मागून फुलाबाई, न उठता, "ओ नाना, सकाळी साडेसहाला तुमच्या तोंडातून बी वाफ निघत आसंल की. तुमच्या घरच्यांनी कधी बंब बोलावला का?"

समाजमंदिर हसून दणाणलं. टेबलामागचे सदस्यही हसले. एक म्हणाला, "आमच्या मळ्यात शेणाच्या उकिरड्यावर पण निघते वाफ, खरंय." नानांना स्वतःलाच थोडं हसू फुटलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. उकिरड्याची वाफ त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. फक्त बंगल्याच्या गच्चीवरून पाहिली नव्हती.

वारं फिरलं. दिनेशने मागे वळून बायकांकडे पाहिलं आणि हळूच अंगठा वर केला.

मग खिडकीजवळच्या खुर्चीवरून एक बाई उठली. चाळिशीच्या आतली, चष्मा, सुती ड्रेस. आवाज मोठा नव्हता, त्यामुळे सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"मी सरिता तिडके. मी घरीच शिकवण्या घेते. ती वाफ आहे, हे मी मानते. विज्ञान मीच शिकवते मुलांना. पण मे महिन्यात वाफ नव्हती. मे महिन्यात याच जागेवरून धूर आला आणि मी दोन दिवस ऑक्सिजनवर होते. ते कोणी केलं, हे आजपर्यंत मला कोणी सांगितलेलं नाही. मी तीन अर्ज केले. तीनदा उत्तर आलं, अज्ञात इसम." ती थांबली, श्वास घेतला. "ढिगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांना आपल्या जागेवर आग कोणी लावली हे माहीत नाही, त्यांच्या भरवशावर मी खिडकी उघडी कशी ठेवू?"

हसू कुठल्या कुठे गेलं.

"दिनेश?" ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"मॅडम, ते... त्याचा तपास झाला होता. बाहेरचं कोणीतरी असणार. जागेला कुंपण नाही, तेव्हा पत्ते खेळणारी पोरं असायची. विडीबिडी..."

"म्हणजे अज्ञात इसम."

"हो मॅडम."

"लिहा," ज्योत्स्नाताई लिपिकाला म्हणाल्या. "सदर घटनेस अज्ञात इसम—"

"माझा होता."

नवसाबाई कधी उभी राहिली हे तिचं तिलाच कळलं नाही. फुलाबाईने तिचं जॅकेट धरून खाली ओढलं, ते तिने सोडवलं.

"काय म्हणालात मावशी? पुढे या. कोणाचं काय?"

"धूर. तो धूर माझा होता. काडी मी लावली."

नाना ताडकन उठले. "घ्या! सापडला चोर! घरातच होता! आणि यांना परवानगी द्यायची? उद्या आख्खी कॉलनी भाजून काढतील! लिहा, लिहा, पहिलं ते लिहा!"

"नाना, बसा!"

"बसतो कसला! माझी सून मेली असती!"

"मेल्या असत्या," नवसाबाई म्हणाली. "मी पाह्यलं फटीतून. ओठ निळे झालते. तवापासून माझ्या डोळ्यापुढून जात नाय."

दिनेशने कपाळ धरलं होतं. विभागीय अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कचरा का पेटवला तुम्ही? मनाई आहे, माहीत नव्हतं?"

"कचरा नाय पेटवला, सायेब. राब भाजला."

"म्हणजे?"

"आमच्याकडं राब भाजल्याबिगर भात-नागलीचं रोप टाकत नाय. खाली शेण, वर टाहाळ, मग पाला, मग माती. मग काडी. आमाला तो धूर वाईट नाय वाटत. ज्याच्या वावरात राबाचा धूर, त्याच्या घरात बियाणं हाय, आसं समजतात. इथं एवढा पाला बघितला आन्... मी येडी. मला वाटलं, वाया चाललाय."

"आणि तुमच्या गावात शेजाऱ्यांना त्रास होत नाही?" हे सरिताने विचारलं. राग होता, पण प्रश्न खरा होता.

"शेजारी तिथंच आसतो ना ताई. एकट्यानं कोणी राब पेटवत नाय. आधी बांधावरून हाक मारायची, 'पेटवू का रं?' शेजारी आग झोडायला हिरवा टाहाळ घेऊन येतो. वारा बघतो. लेकरं, गुरं, पेंढा बाजूला घेतो. तो 'पेटव' म्हनला की काडी लावायची. नाय म्हनला तर नाय."

"मग इथं का नाही मारलीत हाक?"

नवसाबाईने तिच्याकडे पाहिलं. इतके महिने जिच्या भिंतीशेजारी काम केलं तिच्याकडे, समोरून, पहिल्यांदा.

"कोणाला मारू? दोन महिनं झालते माला. भिंतीपल्याड कोण राहतं ठावं नव्हतं. नावाबिगर हाक कशी मारायची, ताई?"



"आणि नंतर?" सरिता म्हणाली. "नंतर तर कळलं ना, कोण राहतं ते? आठ महिने मी त्या जागेवरून जाते. तुम्ही एकदा तरी..."

"भ्याले."

एवढंच उत्तर होतं, आणि तिने ते सजवलं नाही. मग सांगायला सुरुवात केली, आणि दिनेशने मान हलवून हलवून नको-नको केलं तरी ती थांबली नाही. "त्याच्यानंतर यांनी ढीग लावायला सुरू केलं. मी बघितलं, खाली शेण, वर फांद्या, वर पाला, वर माती. आरं, हा तर राबच! तेच थर. फक्त काडी नाय लावायची, पाणी मारायचं. आपला आपण तापतो, आपला आपण काळा होतो. धूर नाय. मग मी म्हनलं, हे जर आधी कोणी दावलं आसतं... आता मी ढिगाजवळ विडीवाल्याला उभं करत नाय. फुलाबाईला इचारा. तिची तंबाखू बी बंद केली."

"खरंय ते," फुलाबाई करवादली. "तंबाखूनं कुठं आग लागती, पण ऐकतंय कोण!"

कोणी हसलं नाही, पण खोलीतली हवा जरा हलली.

विभागीय अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. आग लावल्याबद्दल या कर्मचारी महिलेला रीतसर नोटीस निघेल, ते वेगळं प्रकरण. नवसाबाईने मान हलवली, हो म्हणायची असते तशी. परवानगीबाबत समितीने ठरवावं.

"मी बोलू?" सरिता अजून उभीच होती. "मला परवानगी चालेल. पण अट आहे. ढीग उलथताना धूळ उडते, बुरशी उडते, मला ती चालत नाही. उलथायच्या आधी मला कळलं पाहिजे."

"लेखी पूर्वसूचना," अधिकारी लगेच म्हणाले. "सात दिवस आधी, दोन प्रतींत, हरकतदाराची पोच घेऊन."

"माला लिवता येत नाय, सायेब."

"मग सुपरवायझर देईल."

"सुपरवायझर आठवड्यातून दोनदा येतो," फुलाबाई म्हणाली. "ढिगाला काय कॅलेंडर दिसतं का?"

"ह्यांनी हाक मारावी," सरिता म्हणाली. "गावाकडे मारतात तशी. आता नाव माहीत आहे त्यांना."

लिपिकाने पेन उचललं. "मॅडम, इतिवृत्तात 'हाक' असं लिहिता येईल का? 'तोंडी सूचना' लिहू?"

"सूचना कशी?" नाना गरजले. सुनेची अट त्यांना मुळीच आवडली नव्हती, पण अट घालायचीच तर ती ढिली का म्हणून घालायची? "ती बाई काय म्हणाली, ऐकलं नाय का? शेजारी नाय म्हनला तर नाय! म्हंजे सूचना नाय, संमती!"

"अहो पण मग तुम्ही रोजच नाही म्हणाल!" दिनेश ओरडला.

"म्हणेन," सरिता म्हणाली. "ज्या दिवशी दम लागत असेल त्या दिवशी म्हणेन."

"चालंल," नवसाबाई म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे वळले. ढिगाच्या बाबतीत तिचा आवाज एकदम कामावरचा झाला होता. "पण ढीग लय थांबत नाय, ताई. एक दिवस थांबतो. दोन दिवस थांबतो. तिसऱ्या दिवशी आतून घुसमटतो, मग वास सोडतो, आन् तो वास तुमच्याच घरात येईल. दोन दिवसांच्या वर नाय नका म्हनू."

सरिताने क्षणभर विचार केला. "दोन दिवस. ठीक आहे."

"आन् वारा पाटाकडून घराकडं आसंल तर मीच उलथणार नाय. तुम्ही हो म्हनला तरी."

ज्योत्स्नाताई खुर्चीत मागे रेलल्या. दोन बायका अर्ध्या एकराचा करार करत होत्या आणि टेबलामागच्या माणसांना मधे बोलायला जागाच उरली नव्हती. "लिहा," त्या लिपिकाला म्हणाल्या. "'ढीग उलथण्यापूर्वी लगतच्या शेजाऱ्यांस हाक मारून त्यांची संमती घ्यावी. संमती दोन दिवसांहून अधिक रोखता येणार नाही.' हाकच लिहा. कोणी विचारलं तर मी सांगेन काय ते."

मतदान झालं. सभापती धरून तीन हात वर, एक खाली. सहा महिन्यांसाठी परवानगी, त्यानंतर फेरविचार. केरूनानांनी आपली हरकत कायम असल्याचं लिहून घ्यायला लावलं आणि त्याखाली ठळक सही केली.

बाहेर पायऱ्यांवर फुलाबाईने नवसाबाईच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचा दुखरा खांदा कळवळला. "मेले, सहा जणींना बुडवत होतीस!"

"बुडाल्या का?"

"नाय."

"मग?"

सरिता चपला घालत होती. नवसाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. हात जोडायला गेली, तर सरिताने मान वर केली.

"एक सांगू? मी परवानगी द्या म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाही."

"नका करू," नवसाबाई म्हणाली. "घाई नाय."

सरिताच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती "बरं" म्हणाली आणि सासऱ्यांना हात द्यायला वळली.

दहा दिवसांनी, मंगळवारी, तीन नंबरचा ढीग उलथायला आला. नवसाबाईने सळई आत खुपसून ठेवली, थोड्या वेळाने ओढून तिला तळहात लावला. ऊब उतरलेली होती. उद्या उलथायलाच हवा. ती भिंतीपाशी गेली. पदर कमरेला खोचला, काढला, पुन्हा खोचला.

"मार की हाक," मागून फुलाबाई. "का आता त्याला बी मुकादम लागतो?"

"सरिताताईऽऽ! ओ सरिताताईऽऽ!"

पाड्यावर एका टेकडीवरून दुसरीवर पोचावी अशी हाक होती ती. पाटावरचे बगळे उडाले. पहिल्या मजल्याची खिडकी उघडली आणि नानांचं डोकं बाहेर आलं.

"काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाय नाना. तीन नंबरचा उलथायचाय उद्या."

"मग हळू सांग ना! भिंत पाडते का काय? आणि उलथताना वरचा थर खाली जाऊ द्या, नुसतं हलवल्यासारखं करून राह्यल्या तुम्ही मागच्या वेळी. मी बघत होतो गच्चीवरून."

"या की मग खाली दावायला."

"माझी हरकत हाये!" असं म्हणून नानांनी डोकं आत घेतलं.

मग सरिता भिंतीपाशी आली. हातात लाल पेन होतं, कसल्यातरी वह्या तपासत असावी.

"उद्या नको," ती म्हणाली. "उद्या बुधवार. मुलांची टेस्ट आहे, सगळी खिडकीशीच बसतात. शिवाय काल रात्रीपासून छाती जरा भरलीय."

"औषिध घेतलं?"

"घेतलं. परवा करा."

नवसाबाईने ढिगाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, बोट ओलं करून वारा पाहिला.

"परवा चालंल. पण सकाळी लवकर. ऊन वर आलं की धूळ उडते."

"किती लवकर?"

"सहा."

"सहाला मी उठत नाही, मावशी."

"मग साडेसहा. नानांनी उठवावं. ते उठूनच आसतात फोन घेऊन."

सरिता हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "सात."

"सात," नवसाबाई म्हणाली आणि फुलाबाईला हाक घातली, "ए, तीनला राहू दे. चारवर शेणकाला टाक तवर. गुरुवारी सातला यायचंय, उशीर नाय करायचा."